नैराश्य, आजारपणाचा लाभ आणि कामगार विमा : महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक,
कर्मचारी राज्य विमा महामंडळ, नवी दिल्ली

महोदय,

नैराश्यामुळे कामावर जाता येत नसेल, तर त्या दिवसांचा काही पगार कामगार विम्यातून मिळू शकतो. त्यासाठी कायद्यात नवे काही घालावे लागत नाही. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने आजारपणाची व्याख्या करताना एकाही रोगाचे नाव घेतलेले नाही. जिला वैद्यकीय उपचार आणि देखरेख लागते आणि जी वैद्यकीय कारणाने काम बंद ठेवायला लावते ती अवस्था म्हणजे आजारपण, एवढेच तो म्हणतो. टायफॉइड त्यात बसतो, सरकलेला मणका बसतो आणि नैराश्यही बसते. हा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावला गेला असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. लाभाचा गाभा मात्र तोच आहे. हक्क असूनही नैराश्याचा रुग्ण त्याच्यापर्यंत पोचत नाही. याची कारणे कायद्यात कमी आणि दाखले, तारखा, याद्या यांत जास्त सापडतात.

योजनेची मूळ कल्पना उदार होती. प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली दिलेल्या अहवालावर ती उभी राहिली आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार तिच्यात येतो. ही मर्यादा 1 जानेवारी 2017 रोजी ठरली, दिव्यांगांसाठी ती 25,000 आहे. जुलै 2019 पासून मालक पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के वर्गणी भरतो. पगारपत्रकावर ‘ईएसआय’ म्हणून कापली जाणारी ही रक्कम औषधगोळ्यांसाठी असते, असाच बहुतेकांचा समज आहे. आजारपणात पगाराची भरपाई हा त्याच वर्गणीचा दुसरा हिस्सा. तो मागायला लोक कमी येतात, आणि नैराश्यासाठी तर फारच कमी.

आजारपण लाभ रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतो. सरासरी 500 रुपये असेल तर दिवसाला 350. लागोपाठच्या दोन लाभकाळांत, म्हणजे ढोबळमानाने वर्षभरात, त्याची कमाल मर्यादा 91 दिवसांची. पहिले दोन दिवस बिनपैशाचे जातात; आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ते धरत नाहीत. वर्गणीच्या सहामाह्या दोन. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ मिळतो, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. सहामाहीत किमान 78 दिवसांची वर्गणी जमलेली असली पाहिजे. नियम साधे आहेत, पण ज्या आजाराला निश्चित पहिला दिवस असतो त्या आजारासाठी ते बेतलेले दिसतात. ताप मंगळवारी चढतो, हाड शनिवारी मोडते. नैराश्याचे तसे नाही.

निदानासाठी लक्षणे दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. मन उदास राहणे किंवा कशातच रस न उरणे हे मुख्य लक्षण. सोबत झोप पहाटे मोडणे, भूक जाणे, हालचाल मंदावणे, लक्ष न लागणे, स्वतःला नालायक समजणे, मरणाचे विचार. पण रुग्ण दोन आठवड्यांनी दवाखान्यात येत नाही, महिनोनमहिने उशिराने येतो. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे आढळले. निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांवाचून राहिलेल्यांचे प्रमाण 70 ते 92 टक्के होते. (त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. इतके औद्योगिक राज्य त्यातून सुटावे, याचे नवल वाटते.) आजार सुरू झाल्यापासून दवाखान्यात येईपर्यंतच्या महिन्यांत कारखान्याच्या हजेरीपटावर काय दिसते? खाडे. सोमवारी खाडा, रात्रपाळीला खाडा, पगारानंतर सलग चार दिवस खाडे. सुपरवायझर त्याला दारू समजतो किंवा कामचुकारपणा. घरचे त्याला आळस म्हणतात.

78 दिवसांची अट इथेच नडते. रोजंदारीवरचा एक कामगार कल्पावा. एप्रिलमध्ये तो 24 दिवस कामावर आला. मे महिन्यात आजाराने धरले. मे आणि जूनमध्ये प्रत्येकी 12 दिवस, जुलैत 11, ऑगस्टमध्ये 9, सप्टेंबरमध्ये 8. बेरीज 76. जानेवारीत बायको आणि भाऊ मिळून त्याला डॉक्टरकडे नेतात, निदान होते, सक्तीच्या विश्रांतीचा सल्ला मिळतो, आणि शाखा कार्यालयात कळते की या लाभकाळात देणे शून्य. दोन दिवस कमी पडले. गंमत अशी की आदल्या वर्षीच्या जुलै ते डिसेंबरमध्ये, ज्या काळात तो घरात भिंतीकडे तोंड करून पडून असे, त्या काळाचा लाभ त्याला मिळण्यासारखा होता, कारण त्याआधीची ऑक्टोबर-मार्चची वर्गणी पुरेशी होती. फक्त तेव्हा त्याच्याकडे दाखला नव्हता, आणि मागल्या तारखेचा दाखला सहसा कोणी देत नाही. मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाच्या व नातेवाइकांच्या हकिकतीवरून आजार कधी सुरू झाला हे बऱ्यापैकी सांगू शकतो. ते त्याच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. हजेरीपट शेजारी ठेवला तर पडताळाही होतो. निदान झालेल्या नैराश्यात, अशा लेखी मतावर, आधीच्या खाड्यांचे दिवस 78 च्या हिशेबात धरण्याची मुभा महामंडळाने दिली तर खर्च फार वाढणार नाही, आणि अट मोडलीही जाणार नाही.

दाखल्याचे चक्र हा पुढचा अडथळा. पहिला दाखला, मग सात-सात दिवसांच्या आतले मधले दाखले, शेवटी कामावर परतण्याचा, ज्याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात. आजार अठ्ठावीस दिवसांपलीकडे गेला की एकेका दाखल्याची मुदत चार आठवड्यांपर्यंत वाढू शकते. म्हणजे पहिला महिना, जो या आजारात सर्वांत कठीण, त्यातच दर आठवड्याला दवाखान्याची वारी. नैराश्याच्या तीव्र प्रकारात सकाळ सर्वांत वाईट जाते. दिवस कलताना जरा हलके वाटते. दवाखान्याची रांग नेमकी सकाळची. जो माणूस अंघोळीला उठू शकत नाही, त्याने नऊ वाजता पेहचान कार्ड घेऊन रांगेत उभे राहावे, आणि आत गेल्यावर ‘काय होतंय?’ या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर द्यावे, अशी ही रचना आहे. औषधांनाही वेळ लागतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसू लागायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, तोंड कोरडे पडणे, गुंगी, मळमळ हे त्रास मात्र पहिल्याच दिवसांत होतात. सात दिवसांनी फेरतपासणीत ‘सुधारणा नाही’ असे लिहिण्याला त्यामुळे फारसा अर्थ नसतो. मानसोपचारतज्ज्ञाने निदान केलेल्या नैराश्यात चार आठवड्यांचा दाखला सुरुवातीपासून मिळावा आणि मधली विचारपूस दूरध्वनीवर किंवा व्हिडिओवर चालावी. 2020 सालच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा तपासणीला मान्यता दिलेलीच आहे. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर समुपदेशन होते, पण आजारपण लाभाचे काम त्याने भागत नाही.

लाभ घेणाऱ्यावर कायद्याने आणखी काही बंधने घातली आहेत. त्याने नेमलेल्या दवाखान्यात उपचार घ्यावेत, बरे होण्यात अडथळा येईल असे काही करू नये, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उपचार चालू असलेला भाग सोडू नये. चाकण, वाळूज किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये काम करणारा माणूस बीडचा, लातूरचा, बुलढाण्याचा असतो. खोलीत चौघे-पाचजण पाळीपाळीने झोपतात. तो खचला की घरचे पहिली गोष्ट करतात ती त्याला गावी नेण्याची. त्यांचे चुकत नाही. या आजारात माणसाला एकटे ठेवू नये, विशेषतः मरणाचे विचार येत असतील तर मुळीच नाही. पण तो गाडीत बसला की परवानगीविना भाग सोडल्याचा ठपका येऊ शकतो, आणि गावाजवळ कामगार विम्याचा दवाखाना असेलच असे नाही. परवानगी देण्याचा अधिकार आजही आहे. नैराश्यात ती मागितल्यावर मिळावी असा स्पष्ट आदेश आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा दाखला ग्राह्य धरण्याची व्यवस्था, एवढ्याने हा प्रश्न सुटतो. दुसरी एक बारीक गोष्ट: चालायला जा, माणसांत मिसळा, हळूहळू घरातले काम हाती घ्या, हे या आजारातले उपचार आहेत. लाभ घेणारा माणूस बाजारात दिसला म्हणजे तो ठणठणीत आहे, असा निष्कर्ष शाखा कार्यालयाने काढू नये.

योजनेतली एक तुलना मात्र मनाला लागते. प्रेसवर काम करताना कामगाराचे बोट गेले, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या 90 टक्के मिळतो. त्याला वर्गणीच्या दिवसांची अट नाही. कामावरचा पहिला दिवस असला तरी चालतो. तोच कामगार नैराश्याने लक्ष न लागता, किंवा गुंगी आणणारी गोळी घेऊन त्याच प्रेससमोर उभा असेल आणि ‘मला आठ दिवस घरी राहू द्या’ म्हणत असेल, तर त्याला 78 दिवस, दोन दिवसांची प्रतीक्षा आणि 70 टक्के. बोट वाचवणारी रजा महाग आणि गेलेले बोट सोपे, असा हा हिशेब होतो. कामाच्या जागेमुळे उद्भवणाऱ्या आजारांच्या परिशिष्टात शिसे, पारा, सिलिका, गोंगाट आहेत. मानसिक आजार एकही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010 साली सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत मानसिक व वर्तनविषयक विकारांना स्थान दिले, त्यालाही आता बराच काळ लोटला.

91 दिवस संपल्यावर काय, याचे उत्तर वाढीव आजारपण लाभात आहे. चौतीस दीर्घ आजारांसाठी तो पगाराच्या 80 टक्के दराने, टप्प्याटप्प्याने दोन वर्षांपर्यंत मिळतो. क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे यांच्या रांगेत मनोविकृतींचा एक गट आहे आणि त्यात स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसाद विकृती, स्मृतिभ्रंश यांच्याबरोबर ‘एंडोजिनस डिप्रेशन’ आहे. आतून, बाह्य कारणाशिवाय उद्भवणारे नैराश्य, असा त्याचा अर्थ. ही विभागणी मानसोपचारशास्त्राने केव्हाच मागे टाकली. आयसीडी-10 मध्ये नैराश्य सौम्य, मध्यम, तीव्र अशा प्रतींत आणि एकदाच आलेले की पुनःपुन्हा येणारे या भेदाने लिहिले जाते. जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या आयसीडी-11 मध्येही तसेच. कारण आतले की बाहेरचे, हे कोणी विचारत नाही, कारण उपचार आणि असमर्थता दोन्हींना त्याने फरक पडत नाही. पण यादी शब्दशः वाचणारा अधिकारी विचारू शकतो. मुलगा गेल्यानंतर, कर्जाच्या तगाद्यात किंवा कारखाना बंद पडण्याच्या धास्तीने आलेले तीव्र नैराश्य ‘बाह्य कारणाचे’ ठरवून बाजूला काढता येते. शिवाय नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांत भास-भ्रम नसतात. मनोविकृतींच्या गटात ठेवल्याने त्यांचा दावा आरंभीच लंगडा पडतो. यादीतली ती ओळ बदलून तिथे ‘मध्यम व तीव्र नैराश्य विकार, एकवारी किंवा पुनरावर्ती’ असे लिहावे, ही या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी आहे.

वाढीव लाभासाठी दोन वर्षांची सलग विमायोग्य नोकरी आणि चार सहामाह्यांत 156 दिवसांची वर्गणीही लागते. कायम कामगाराला ही अट जड नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला आहे. ठेका बदलला की नव्या ठेकेदाराच्या कागदांत त्याचा नवा विमा क्रमांक निघतो, जुना तसाच पडून राहतो, आणि त्याच गेटमधून सहा वर्षे आत जाणारा माणूस नोंदीत सात महिन्यांचा ठरतो. नोंदी जोडण्याची जबाबदारी आजारी माणसावर न टाकता शाखा कार्यालयाने घ्यावी.

बरे होणे हेही एका दिवसात घडत नाही. उपचार चालू असलेला नैराश्याचा झटका ओसरायला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे 91 दिवसांचे माप अगदीच चुकीचे नाही. पण त्या टोकाला माणूस पूर्ण पाळी करण्याजोगा असतोच असे नाही. चार तास जमतात, रात्रपाळी जमत नाही. योजनेत मात्र ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा लाभ नाही. एकतर घरी, नाहीतर पूर्ण आठ तास. जर्मनीत यावर तोडगा आहे. तिथे मालक पहिले सहा आठवडे पगार देतो, पुढे आरोग्य विमा निधी आजारपणाचे पैसे देतो, आणि ते चालू असतानाच डॉक्टरच्या आराखड्यानुसार कामगार दिवसाला दोन-चार तासांपासून सुरुवात करून हळूहळू पूर्ण कामावर येतो. आजार उलटण्याचा धोका असलेल्या माणसाला घाईने यंत्रासमोर उभे करण्यापेक्षा हे स्वस्त पडते. इथे पथदर्शी प्रयोग म्हणून मुंबई आणि पुण्यातल्या एकेका कामगार रुग्णालयापासून सुरुवात करता येईल.

या सगळ्यावर एकच आक्षेप ठरलेला असतो: नैराश्य एक्स-रेत दिसत नाही, उद्या सगळेच दाखले आणतील. खोट्या दाखल्यांचा अनुभव महामंडळाला आहे, आणि सणासुदीच्या, लग्नसराईच्या दिवसांत आजारपण वाढते हेही खरे. पण ते वाढते पाठदुखी, जुलाब आणि तापाच्या नावाने. मनोरुग्णालयांच्या नावाने ‘ठाण्याला पाठवतील’, ‘येरवड्याचा पेशंट’ असे टोमणे ज्या समाजात अजून चालतात, तिथे चार दिवसांच्या सुट्टीसाठी मानसिक आजाराचा शिक्का कोण मागून घेईल? उलट खरे नैराश्यच पाठदुखी नि अशक्तपणाच्या नावाखाली दाखल्यावर चढते. मापनही अशक्य नाही. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली दवाखान्यातला कोणताही डॉक्टर पाच मिनिटांत भरून घेऊ शकतो. तज्ज्ञासाठी हॅमिल्टनची मोजपट्टी 1960 पासून आहे. लाभाच्या निर्णयासाठी मात्र नुसता गुण पुरेसा नाही. माणूस झोपतो किती, सूचना लक्षात ठेवू शकतो का, यंत्रावर सुरक्षित आहे का, बसने एकटा जाऊ शकतो का, हे दाखल्यावर लिहिले गेले पाहिजे. ‘डिप्रेशन, विश्रांतीची गरज’ एवढ्या तीन शब्दांवर दाखले तपासणाऱ्या वैद्यकीय पंचाने शंका घेतली तर त्याला दोष देता येत नाही.

नोकरी टिकण्याची भीती वेगळी. मूळ कायद्याच्या कलम 73 प्रमाणे आजारपण लाभ घेत असताना किंवा दाखल्यानिशी उपचारांवर असताना कामगाराला काढता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. दाखला नसेल तर हे संरक्षण नाही, म्हणून वर दाखल्यांवर इतके लिहावे लागले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 हा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवण्याचा आणि माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात म्हटले, की ज्या वर्तनामागे मानसिक अपंगत्व हे एक कारण आहे, त्यावरून शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव ठरतो. खाड्यांबद्दल चार्जशीट हातात देण्याआधी कारखान्यांच्या कार्मिक विभागांनी हा निकाल वाचायला हवा. महामंडळाच्या हातात एक सोपी गोष्ट आहे: मालकाकडे जाणाऱ्या कागदावर आजाराचे नाव नको, फक्त तारखा. कारखान्यात बातमी फुटण्याची धास्ती हे दाखला न मागण्याचे मोठे कारण असते.

21,000 च्या वरचे नोकरदार या योजनेत नाहीत. बँका, आयटी कंपन्या, खासगी शाळा आणि दुकाने यांतल्या अशा माणसांना अल्पकाळाच्या असमर्थतेचा कायदेशीर पगारलाभ असा नाहीच. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्याच्या कक्षेतल्या ठिकाणी वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि साठवलेली भरपगारी रजा दिली. नैराश्यासाठी आठ दिवस म्हणजे गोळीचा परिणाम सुरू होण्याआधीच रजा संपलेली. कंपनीचा गट आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल भरतो, बुडालेला पगार नाही. पगारवाढीने सीमा ओलांडणारा कामगार त्या सहामाहीच्या अखेरपर्यंत योजनेत राहतो आणि तिच्या वर्गणीवर पुढच्या लाभकाळातही आजारपण लाभ मागू शकतो. हे त्याला कोणी सांगत नाही. योजनेबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या शेवटच्या लाभकाळाची तारीख मराठीत, लेखी कळवली जावी.

कळावे.